माछा म्हणणारी मुलगी

मी माशाचं चित्र असलेलं कार्ड वर धरलं. समोर साडेचार वर्षांची अस्मिता. बराच वेळ कार्डाकडे बघून ती हळूच म्हणाली, "माछा."

मी फॉर्मवर लिहिलं: 'स'ऐवजी 'छ'. उच्चारदोष.

पुढचं कार्ड पाण्याच्या ग्लासचं. "पानी." 'ण'ऐवजी 'न'. पुन्हा खूण. उरलेल्या कार्डांना ती काहीच बोलली नाही.

मी रत्नागिरीत स्पीच थेरपिस्ट आहे. उशिरा बोलणाऱ्या किंवा अडखळणाऱ्या मुलांना तपासायचं आणि बोलतं करायचं, हे माझं काम. अस्मिताचे आईवडील नेपाळचे. पावसजवळच्या एका आंब्याच्या बागेत राखणीला होते, वर्षभर तिथंच राहायचे. बागायतदार काका मायलेकींना गाडीतून घेऊन आले होते.

"बालवाडीच्या बाई म्हणतात, पोरगी तोंडच उघडत नाही," काका म्हणाले. "एकदा काय ते बघून घ्या."

अस्मिताची आई मनमाया शेजारीच बसली होती. ती हिंदीत म्हणाली, "मॅडम, वो बराबर बोली. हमारे में माछा ही बोलते हैं. घर में तो बहुत बोलती है."

सगळ्याच आया असं म्हणतात, असं मला वाटलं. तिघांना बाहेर बसवून मी रिपोर्ट लिहायला घेतला. दाराबाहेर अस्मिताची बडबड सुरू झाली. लांबलचक वाक्यं, मध्येच प्रश्न, मध्येच हसणं, सगळं नेपाळीत. मला ते स्पष्ट ऐकू येत होतं. पण माझी चाचणी मराठीची होती आणि पुढचे पेशंट थांबले होते. मी लिहिलं: भाषाविकासात विलंब.

मनमायाला आत बोलावून सांगितलं, "दोन भाषांनी मूल गोंधळतं. आजपासून तिच्याशी फक्त मराठी बोला."

"मेरे को मराठी थोडा ही आता है."

"जेवढी येते तेवढी बोला. पण नेपाळी बंद."

तिनं मान डोलावली.

नव्या भाषेत पडलेलं मूल काही महिने गप्प राहू शकतं. आम्ही त्याला सायलेंट पिरियड म्हणतो. मूल तेव्हा ऐकत असतं, साठवत असतं. हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. त्या दिवशी आठवलं नाही.

वर्षभरात अस्मिता मराठी बोलायला लागली. बालवाडीच्या बाईंनी फोन करून आभार मानले. मी फाईल बंद केली.

पाच वर्षांनी मनमाया लेकीला घेऊन पुन्हा आली. अस्मिता आता चौथीत होती, चांगली चुणचुणीत.

"काय त्रास होतोय?" मी विचारलं.

"त्रास नाय. विचारायचा होता," मनमाया म्हणाली. "आता तिच्याशी नेपाळी बोलला तर चालेल?"

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"तुम्ही बंद सांगितला ना."

"मग काय बोलता तिच्याशी?"

"ये, जेव, झोप, शाळेत जा. माझा मराठी एवढाच."

अस्मिता अस्खलित मराठीत म्हणाली, "आई-पप्पा आपसात बोलतात ते मला थोडं थोडं कळतं. पण बोलता येत नाही. आजीचा फोन आला की मी नुसती हो म्हणते."

मी मनमायाला सांगितलं, "माझा सल्ला चुकीचा होता. तुमचं काही चुकलं नाही."

ती उलट माझीच समजूत घालायला लागली. "नाय मॅडम, पोरगी बोलायला लागली ना."

पुढचे सहा महिने त्या दोघी दर पंधरा दिवसांनी यायच्या. मनमाया नेपाळीत गोष्ट सांगायची आणि अस्मितानं त्यावर बोलायचं, असं ठरवलं होतं. अस्मिताला गोष्ट कळायची, उत्तर मराठीतच यायचं. मनमायाकडच्या गोष्टी लहान बाळांना सांगायच्या होत्या. दहा वर्षांची मुलगी त्या ऐकून कंटाळायची. एकदा मनमाया मध्येच थांबली आणि म्हणाली, "ये तो तब बताने का था."

अस्मिता आता आजीशी चार-पाच वाक्यं बोलते. त्यापुढे आम्हाला जाता आलं नाही.

माझ्या फॉर्मवर आता पहिला प्रश्न मुलाच्या घरच्या भाषेचा असतो. ती भाषा मला येत नसेल, तर मी आईला शेजारी बसवून तिलाच कार्ड दाखवायला सांगते. ज्या भाषेची चाचणी आपल्याकडे नाही, त्या भाषेतल्या मुलाला बोलता येत नाही, असं लिहायचं नसतं. एवढं शिकायला मला एका मायलेकीची पाच वर्षं लागली.