आक्काच्या पेशी

माझ्या साखरपुड्यात जेवणं चालू असताना आक्का ताटावरून उठून गेली. होणाऱ्या सासऱ्यांना वाटलं, हिला मुलगी पसंत नाही. खरं तर तिच्या पेशींना खायला घालायची वेळ झाली होती. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नव्वदच्या दशकात ती कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत उंदरांच्या टी-पेशी, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या पहारेकरी पेशी, बाटलीत वाढवायची.

जीवशास्त्रात मी काठावर पास, म्हणून ती मला उचगावच्या आमच्या गोठ्यातून शिकवायची. “रेडकू मेलं की कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं धरत्यात. म्हस फसती, धार देती. ही पेशी तशी फसत न्हाय रं. जंतूच्या तुकड्यातला एक कण बदलून पुढं धरला, की पहिला इशारा अर्धाच आत जातोय. मग नंतर खरा तुकडा आणला तरी ती गप. जित्ती, गुबगुबीत, पण गप.”

हा शोध तिचा. छापून आला तेव्हा वर नाव एकट्या सरांचं, म्हणजे तिच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांचं. ती विचारायला गेली, तर सर म्हणाले, “बाई, पेशींना खायला घालणं म्हणजे संशोधन नव्हे.” मी घरी मुठी आवळून जाहीर केलं, सरांची गाडी पंक्चर करतो.

“तुला हवा भरता येत न्हाय, काढतोस कुठली,” आक्का म्हणाली. हसली मात्र नाही.

त्या शोधावर सरांना शहराच्या दुसऱ्या टोकाला नवी प्रयोगशाळा मिळाली; आक्का आणि तिच्या पेशी जुन्याच जागी राहिल्या. पुढं परदेशातून विचारणा आली, हा प्रयोग पुन्हा करून दाखवा. सरांनी आक्काच्या पेशी मागितल्या.

“देते की,” ती म्हणाली. पेशी पोचवायच्या आदल्या दिवशी तिनं सगळ्यांना तो बदललेला तुकडा चारला, मग धुऊन काढला. एका बाटलीपुरत्या ठेवल्या, उरलेल्या स्वतःच्या हातानं मोरीत ओतल्या. वर्षानुवर्षं जपलेलं वाण तिथंच संपलं.

बाटली उबेत न्यायची होती, म्हणून स्कूटरवर ती माझ्या पोटाशी. “ह्या पोटाचं कायतरी सार्थक झालं,” आक्का पुढून म्हणाली. सरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि खूश झाले.

मग कित्येक महिने ते खरा तुकडा घालत राहिले, कारण पेशींनी आधी इशारा दिला तरच नंतर त्या गप झाल्याचं दाखवता येतं. रसायनं बदलली, मदतनीस बदलले. शेवटी स्वतः आमच्या घरी आले.

“पेशी धडधाकट दिसतात, पण इशाराच देत नाहीत. काय झालं असेल?”

आक्कानं त्यांच्यापुढं चहा ठेवला.

“तुमचाच शोध आहे, सर,” ती म्हणाली. “एकदा वाचून बघा.”