म्हस्कूची शिकवणी

सर्जेराव मास्तर मुळात मास्तर नव्हतेच. दौंड स्टेशनच्या माल ऑफिसात तीस वर्षं वॅगनींचे नंबर लिहून ते रिटायर झाले होते. पण पिठाच्या गिरणीमागच्या त्यांच्या खोलीत रोज संध्याकाळी मॅट्रिकची पोरं गणिताला बसत, आणि गणित शिकवतो तो मास्तर, एवढं दौंडाला पुरेसं होतं. बोलणं मात्र अजून माल ऑफिसातलंच. "म्हंजी कसं, की अ अधिक ब चा वर्ग. नोंद घ्या!" असं म्हणून ते फळ्यावर खडू आपटत. त्यांची पाठ वळली की मागच्या रांगेतून हलक्या आवाजात तेच यायचं, "म्हंजी कसं, की भूक लागली. नोंद घ्या!" मास्तरांना ते ऐकू येई. ते ऐकू न आल्यासारखं करत, कारण आपल्यासारखं कुणीतरी बोलतंय हेच त्यांना बरं वाटे.

बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. कवठे येमाईच्या भावकीतून लग्नाची पत्रिका तेवढी येई, तीही पोस्टानं. आठ वाजता पोरं चपला शोधत "येतो मास्तर" म्हणून उठली, की दुसऱ्या दिवशी साडेपाचपर्यंत त्यांच्याशी बोलायला कुणी नसे. पेन्शन होती, पोटाची काळजी नव्हती. पण पोरं यायची बंद झाली तर आपण बोलायचंच विसरून जाऊ, ही धास्ती होती.

चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये ती धास्ती पुस्तकाच्या रूपानं खोलीत आली. अकरावीची मॅट्रिक मोडीत निघून दहावी झाली होती आणि गणितही नवं आलं होतं. चांगुणा नावाच्या एका धीट पोरीनं पान उघडून समोर धरलं. पानावर एकमेकीत शिरलेल्या दोन भाकऱ्यांसारखी वर्तुळं होती.

"मास्तर, ह्यो रिक्त संच म्हंजी काय वो? ज्याच्यात काईच न्हाई, त्याला नाव कशाला द्यायचं?"

"उद्या बघू," मास्तर म्हणाले. दुसऱ्या दिवशीही "उद्या बघू," आणि तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी दोन पोरं कमी झाली.

दौंडात कुणाला विचारावं तर तासाभरात गावभर. म्हणून रविवारी मास्तरांनी धुतलेलं धोतर नेसून थेट शिरूरची एस.टी. धरली. तिथं त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. पुस्तकांच्या दुकानदाराला कायमचं पडसं असावं. तो नाकातून म्हणाला, "गाईड न्हाई आलं. कुंजी न्हाई आली. स्टँडामागं मच्छिंद्र फिटरची लेक ऱ्हाती, ललिता. नुकती बी.एस्सी. झालीय. तिला इचारा."

घर दोन खोल्यांचं, सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. बाप डेपोत ड्यूटीवर होता. ललिता एकवीस-बावीसची. मास्तर साठीचे. एवढ्याशा पोरीसमोर 'मला शिकव' हे शब्द काही त्यांच्या तोंडून निघेनात. निघालं ते भलतंच.

"माझा पुतण्या हाय. म्हस्कू. यंदा दहावीला."

"मग आणा की त्याला."

"लई लाजाळू. बाईमाणसापुढं बसत न्हाई. तुम्ही मला सांगा, मी त्याला सांगतो."

ललिता खळखळून हसली. "आबा, म्हंजी जेवायचं तुम्ही आन् ढेकर म्हस्कूनं द्यायचा?"

तिची आई सोजरबाई आतून कप घेऊन आली आणि दारातच थबकली. तिला सगळं दोनदा म्हणायची सवय होती, पण आता एकदाच म्हणाली, "च्या... घेता न्हवं?" मास्तरांनी कप घेतला आणि तळाची साखर हलवून तीही प्यायले. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. नुसतं "बसा बसा, घ्या घ्या."

असे रविवार सुरू झाले. ललिता शिकवायला कडक होती. म्हस्कूची म्हणून मास्तरांनी आणलेली वही ती लाल पेन्सिलीनं तपासायची.

"त्याला म्हणावं, महिरपी कंस असा असतो. ह्यानं तर विळे काढल्यात विळे!"

"सांगतो," मास्तर खाली मान घालून म्हणत. "लई उलट्या डोक्याचं पोरगं. म्हंजी कसं, की ऐकतच न्हाई."

"मारू बिरू नका हं."

"न्हाई, न्हाई. मारतोय कशाला?"

एकदा तिनं गृहपाठ दिला, घरातल्या माणसांचा संच लिहायचा. त्या आठवड्यात मास्तर वही पुढ्यात घेऊन बराच वेळ बसले. मग महिरपी कंस नीट काढून त्यांनी आत लिहिलं, 'म्हस्कू, काका.' ललितानं ते वाचलं आणि तिची पेन्सिल थांबली.

"आई-बाप न्हाईत व्हय त्याला?"

"हायती की! भुसावळला. रेल्वेत बदली झाली. पोराची शाळा बुडू नये म्हणून माझ्यापाशी ठेवलाय."

"आगं बया, आईबिगर ऱ्हातंय लेकरू, आईबिगर," सोजरबाई चुलीपासून म्हणाली. तेव्हापासून निघताना मास्तरांच्या पिशवीत काहीतरी पडू लागलं. कधी बाजरीच्या खारोड्या, कधी तिळाची चटणी. "त्याला सकाळच्या पारी दूध द्या, दूध. अभ्यासाचं पोर हाय." मास्तरांनी खरंच पावशेर दुधाचा रतीब लावला. दूध तापवायचं, गार करायचं आणि पेल्यात ओतून आपणच प्यायचं. पिताना त्यांना उगाच दटावल्यासारखं वाटे.

दौंडात त्यांचं नाव पुन्हा वर गेलं. छेद संच, संयोग संच, उपसंच, मास्तर धडाधड सांगू लागले. गेलेली दोन पोरं परत आली आणि येताना चार घेऊन आली. खोलीत बसायला जागा पुरेना. ज्यासाठी शिरूर गाठलं होतं ते काम दिवाळीआधीच झालं होतं, तरी मास्तर रविवार चुकवत नव्हते. पोरं गणित विचारत. 'जेवलात का', 'खोकला कसाय' हे शिरूरला विचारलं जाई. मग ललिताचं शिकवणं लांबावं म्हणून मास्तर मुद्दाम चुका करून नेऊ लागले.

"आबा, तुमचा पुतण्या मागंमागं चाललाय बघा," ललिता काळजीनं म्हणाली.

मार्चात परीक्षा झाली. परीक्षेनंतरही मास्तर 'पेपर कसा गेला ते सांगायला' म्हणून दोनदा जाऊन आले. जूनमध्ये निकाल लागला आणि पंचाईत उभी राहिली. म्हस्कू पास झाला, तर शिकवणी संपली आणि शिरूरला जायचं कारणही संपलं. नापास झाला, तर ऑक्टोबरला पुन्हा परीक्षा. म्हणजे पुढचे चार महिने तरी रविवार शाबूत.

त्यांनी म्हस्कूला नापास करायचं ठरवलं.

एस.टी.त खिडकीशी बसून ते वाक्य घोळवत होते. "आठ मार्कांनी गेला. ऑक्टोबरला बसवतो." केडगाव चौफुल्याला कंडक्टर ओरडला, "चला न्हावरा, शिरूर, मागं सरका मागं, पोतं मांडीवर घ्या!" मास्तर ओठातल्या ओठात पुटपुटत राहिले. पोरीचं काय जातंय? एखादा विद्यार्थी गेला तर गेला. शिवाय लाजाळू. शिवाय आईबापांपासून लांब. चौफुल्यापासून शिरूरपर्यंत त्यांनी म्हस्कूच्या नापास होण्याला इतकी कारणं शोधली, की शेवटी त्यांना त्या पोराची खरोखर कीव आली.

दारात जीप उभी होती. आत खुर्चीवर न्हावऱ्याचे बबनराव बसले होते. पांढरीशुभ्र टोपी, बोटात अंगठी, साखर कारखान्याच्या कुठल्याशा कमिटीवर. त्यांच्यासमोर चहा गार होऊन साय धरून बसला होता. "आत्ताच घेऊन आलो, समजलं का," असं त्यांनी दोनदा सांगून झालं होतं.

"माझी दोन पोरं हायती. एक दहावीला, एक अकरावी सायन्सला, समजलं का. पुण्याला ठेवायची तर होस्टेलची भानगड. हितं ठेवायची, तर म्हटलं आधी रिझल्ट बघावा. ह्या बाईंच्या हाताखालनं आजवर पास कोण झालं, त्ये कळू द्या. तोंडी काम आपल्याला चालत न्हाई, समजलं का."

ललिता भिंतीला टेकून उभी होती. नेहमी पोराच्या चुकीवर खळखळून हसणारी पोरगी आज हाताची बोटं मोडत होती. वर्षभरात तिच्याकडे दुसरं कुणी आलंच नव्हतं, हे मास्तरांना तेव्हा कळलं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

सोजरबाईनं मास्तरांना पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "ह्ये काय, आलंच की म्हस्कूचं काका! आलंच! सांगा आबा, सांगा."

तिघंही त्यांच्याकडे बघू लागले. घोळवून घोळवून गुळगुळीत केलेलं वाक्य मास्तरांच्या जिभेवर तयार होतं.

"पास झाला," मास्तर म्हणाले. "गणितात शंभरात ब्याऐंशी."

"परीक्षेचा नंबर?" बबनरावांनी भुवई वर केली.

मास्तर अडखळले नाहीत. तीस वर्षं लिहिलेल्या वॅगनींपैकी एकीचा नंबर त्यांनी एका दमात म्हणून टाकला. नंबर ऐकला की माणसाचा विश्वास बसतो. बबनरावांनी मान डोलावली.

"ब्याऐंशी! मग काम पक्कं. पण रविवारीच जमंल बरं का. जीप त्याच दिशी मोकळी असती."

"रविवार मोकळाच झाला की आता, मोकळाच," सोजरबाई आनंदानं म्हणाली.

ललितानं पदराच्या टोकानं डोळे टिपले आणि वाकून मास्तरांच्या पाया पडली. "आबा, तुमी वर्षभर लई हेलपाटे घातले. आता सुटलात बघा. त्याला म्हणावं, ब्याऐंशीवर थांबू नको."

"सांगतो," मास्तर म्हणाले. "म्हंजी कसं, की..." आणि ते चपला शोधू लागले.

निघताना सोजरबाईनं कागदात बांधलेलं कापड पिशवीत घातलं. निळ्या रेघांचं, शर्टापुरतं. "निकालाच्या दिशीच आणून ठेवलं हुतं. माप ठावं न्हवतं, म्हणून शिवलं न्हाई. एकदा घिऊन या त्याला, घिऊन या."

"आणतो," मास्तर म्हणाले.

पुढच्या रविवारी ते सवयीनं पहाटेच उठले. अंघोळ केली, धोतर नेसले, आणि मग कुठं जायचं नाही हे आठवून खाटेवर बसून राहिले. गिरणीला सुट्टी होती. नऊच्या सुमारास त्यांनी पिशवी उचलली आणि कोपऱ्यावरच्या पोपटराव शिंप्याकडं गेले.

पोपटरावांनी कापड उलगडून उजेडात धरलं. "झ्याक हाय. पर मास्तर, तुमच्या अंगाला न्हाई पुरायचं."

"माझं न्हाई. पुतण्याचं."

"मग पाठवून द्या त्याला. माप घेतो."

"न्हाई यायचा तो. तुम्ही अंदाजानं शिवा."

पोपटरावांनी कानावरची पेन्सिल काढली. "बरं, उंची सांगा."

मास्तर उभे राहिले. त्यांनी हात हवेत आडवा धरला, आपल्या खांद्याशी. जरा विचार केला आणि दोन बोटं वर नेला.

"अंगानं?"

"बारीक. दूध पितो रोज, पण अंगाला लागत न्हाई."

"वाढीचं वय दिसतंय," पोपटराव वहीत आकडे मांडत म्हणाले. "लगेच आखूड व्हईल. शिलाईत थोडं सोडू का?"

"सोडा," मास्तर म्हणाले. हात अजून तसाच हवेत होता. "चांगलं चार बोटं सोडा."