एक्सरे बाईंचं लेखनाचं वर्ष

शाळेला सुट्टी होती, वर्गांना रंग देणं चाललं होतं, आणि शिक्षकखोलीतल्या लांब टेबलाच्या एका टोकाला एक्सरे बाई कागदावर कोपर आडवं टाकून लिहीत बसल्या होत्या. कोपर अशासाठी, की टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नवी बाई बसली होती. एवढ्या लांबून जिला वाचता आलं असतं तिला सर्कशीतच घेतलं असतं. पण कोपर काही हललं नाही.

एक्सरे हे नाव मुलांनी ठेवलेलं. निबंधाची वही हातात आली की बाई ती वाचायच्या आधी खिडकीच्या उजेडाकडे धरायच्या. शाई कुठे बदलली, अक्षर कुठे सावरलं, आणि 'नभोमंडल' हा शब्द या पोरट्याला पुरवला कोणी?

"उभा राहा. हे तू लिहिलंस?"

"हो, बाई."

"नभोमंडल म्हणजे काय?"

मुलगा घाबरून वर छताकडे बघायचा.

"दिशा बरोबर आहे. आता उत्तर दे."

वर्ग खो-खो हसायचा. मग त्या मुलाला पुढच्या टेबलाशी बसवून तोच परिच्छेद नव्याने लिहायला लावायच्या. याला मुलं 'झडती' म्हणायची. बाईंना ते नाव कळलं होतं आणि मनातून आवडलंही होतं. निम्मी पोरं खरोखरच गाइडमधून उतरवायची, त्यामुळे बाईंचा संशय बरेचदा खरा ठरायचा. तिथेच तर त्याला खतपाणी मिळालं.

आता मुख्याध्यापकांचं फर्मान निघालं होतं. नववी-दहावीच्या लेखनाचं वर्षभराचं एकच नियोजन हवं, दोघींनी मिळून करायचं, शनिवारी द्यायचं. "आणि दहावी कोणाकडे, नववी कोणाकडे, तेही त्यावरून ठरवू," असं ते चष्मा पुसता पुसता म्हणाले होते. बाईंच्या घशात अडकलं ते हे शेवटचं वाक्य. नववी-दहावी दोन्ही इतकी वर्षं बाईंचीच, पण मान दहावीचा. औषधाच्या दुकानातसुद्धा माणसं बाजूला सरकून म्हणायची, "दहावीच्या बाई आहेत, त्यांना आधी द्या." दहावी गेली तर मागे उरणार काय? नुसती डोकेदुखीची गोळी.

"बाई," टेबलाच्या पलीकडून आवाज आला, "तुमच्या पहिल्या महिन्यात काय आहे?"

"तुमचं सांगा आधी."

"माझं? मोकळं लिहिणं. रोज वर्गात थोडंसं, स्वतः पाहिलेलं. मग तेच पुन्हा, सुधारून. गुण नाहीत."

"गुण नाहीत?"

"पहिल्या सत्रात नाहीत."

"मग मुलं लिहितील कशाला?"

"तेच तर मला बघायचंय," नवी हसली.

ती फार हसायची. चांगली मोठी शाळा सोडून इथे आली होती, आणि का आली ते कोणी विचारलं की तेव्हाही हसायची. चांगली शाळा कोणी उगाच सोडतं? नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

"आणि कच्चं लिहिलेलंही जमा करू या. खाडाखोडीसकट," नवी म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "खाडाखोड काय करायचीय तुम्हाला?"

"मुलं काय खोडतात ते कळतं ना."

म्हणजे आपल्या हाताखालून गेलेल्या मुलांचा कच्चा माल जमा करणार, आणि नेऊन ठेवणार कुणाच्या टेबलावर? बाईंनी दुसरंही कोपर आडवं टाकलं.

नवी पाण्याची बाटली भरायला उठली तसे शिपाईमामा चहा घेऊन आत आले. कप ठेवता ठेवता वाकून म्हणाले, "बाई, नव्या मॅडम काल साहेबांच्या खोलीत बराच वेळ होत्या हां. दार लोटून."

"लोटून की लावून?"

"लोटून."

"किती लोटून?"

"बाई, दार आहे ते. मी काय पट्टी लावून बघू?"

चहा गार झाला. बाईंनी आपल्या नियोजनात प्रत्येक महिन्याखाली ठळक अक्षरात आणखी एक ओळ घातली: 'अचानक पुनर्लेखन, बाईंसमोर.' वर्षभर झडती. बघू दहावी कोण नेतंय.

घरी नणंद वाळलेले कपडे पलंगावर टाकून घड्या घालत बसली होती. तिच्या नवऱ्याची बदली लांब झाल्यापासून ती आणि तिची लेक इथेच राहत होत्या. लेक नववी संपवून दहावीत जाणारी, त्याच शाळेत. शाळेत 'बाई' म्हणायची, उंबरा ओलांडला की 'मामी'.

"गोड बोलते ना?" सगळं ऐकून नणंद म्हणाली. "मग झालंच, वहिनी. आमच्या ऑफिसात होती अशी एक. 'ताई, ताई' करत माझ्या खुर्चीत कधी बसली ते खुर्चीलासुद्धा कळलं नाही."

"आणि म्हणे खाडाखोड जमा करायची."

"कशाला? रद्दीत घालायला?"

"पण त्यांचं बरोबर आहे," कोपऱ्यातून भाची बोलली आणि लगेच तिने पायमोज्यांची जोडी जुळवायला घेतली.

बाईंनी मान वळवली. "काय बरोबर आहे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काहीतरी आहे. बोल."

"रागावशील."

"रागावेन. बोल."

भाचीने एक मोजा उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "चांगलं वाक्य सुचलं ना, मामी, की आम्ही ते खोडतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"सगळे. तू विचारतेस ना, कुठून आणलंस? सगळ्यांसमोर. मग पुढे बसवून लिहायला लावतेस. तिथे हात थरथरतो, काही म्हणजे काही सुचत नाही. मग चोरच ठरतो आपण. त्यापेक्षा सगळ्यांसारखं लिहिलेलं बरं."



"तू काय खोडलंस?" बाईंनी विचारलं.

भाचीने चोरून आईकडे पाहिलं. "'माझी आई' निबंध होता ना, त्यात. 'आई चिडली की कपड्यांच्या घड्या फार नीट घालते.'"

नणंदेच्या हातात उशीचा अभ्रा होता, टोकाला टोक लावलेला. "मी कुठे चिडलेय?" असं म्हणत तिने त्यावरून तळहात इतक्या जोरात फिरवला की अभ्र्याला इस्त्रीच बसावी. मायलेकी एकमेकींकडे बघून फिसकन हसल्या.

"मग त्या जागी मी 'आई म्हणजे मायेचा सागर' घातलं," भाची म्हणाली. "त्याच्यावर तू 'छान' लिहिलंस."

बाईंना तो सागर आठवला. दरवर्षी वर्गात असे बरेच सागर यायचे, आणि त्या सगळ्यांना 'छान' द्यायच्या. सागराचा कधी संशय येत नसे. पण घड्यांचं हे वाक्य? हे एवढ्याशा पोरीला...

"हे तू कुठून..." बाईंच्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता. दार लावून घ्यावं तसा भाचीचा चेहरा मिटला. मोज्यांचा ढीग उचलून ती आतल्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी नवी एका ताज्या रंगवलेल्या वर्गात बाकं सरळ करत होती. बाई दारातूनच म्हणाल्या, "तुमचा तो मोकळं लिहिण्याचा तास. मला करून दाखवा."

"आत्ता? चालेल. तुम्ही लिहा, मी प्रश्न विचारते."

"मी?"

"मग कोण? इथे आपण दोघीच आहोत."

सापळाच होता हा. तो दिसत असूनही बाईंनी खडू उचलला. आजवर किती निबंध तपासले, चार ओळी लिहायला काय लागतंय! लहानपणीचं काहीही लिहा, असं नवीने सांगितलं आणि ती पहिल्या बाकावर जाऊन बसली. बाईंनी वळणदार अक्षरात लिहिलं: 'आमच्या घरासमोर एक डेरेदार वृक्ष होता. त्यावर पाखरांची किलबिल चाले.'

"कसलं झाड होतं, बाई?"

बाईंनी 'डेरेदार'खाली एक रेघ ओढली.

"झाड होतं ना?"

बाईंनी फळ्याकडे पाहिलं. घरासमोर कारखान्याची भिंत होती. पत्र्याची, लांबलचक. पाखरं कधी बसलीच तर चटका बसून उडायची.

"नव्हतं."

"मग कुठून आणलं?"

नवीच्या आवाजात टोचणी नव्हती, नुसतं कुतूहल होतं. तरी बाईंच्या कानशिलापर्यंत ऊन ऊन झालं. वर्गात दुसरं कोणी नाही हे माहीत असून त्यांनी मागे वळून पाहिलं. मग डस्टर घेतलं आणि झाड पाखरांसकट पुसून टाकलं. कोऱ्या फळ्यासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. नवीने घाई केली नाही, खोकलीसुद्धा नाही.

मग हळूहळू अक्षरं उमटली. वळण बिघडलेलं होतं.

'माझे बाबा कारखान्याच्या फाटकावर होते. काम सुटलं की कामगारांच्या पिशव्या तपासायचे. एकदा मी त्यांचा डबा घेऊन गेले. रिकामा डबा घेऊन परत निघाले तेव्हा त्यांनी माझीही पिशवी तपासली.'

"का?" नवीने विचारलं.

"मागे रांग होती. मुलीला तशीच सोडली असती तर लोक बोलले असते."

"काय सापडलं?"

"डबा. दुसरं काय सापडणार?"

"आणि तुम्हाला काय वाटलं?"

बाईंनी खडूची बोटं पुसली. ही गोष्ट त्यांनी नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती. "पिशवीत काही नाही हे मला माहीत होतं. तरी बाबांनी आत हात घातला ना, तेव्हा वाटलं, आता काहीतरी निघणार."

नवी या वेळी हसली नाही. "ते लिहा ना, बाई."

बाईंनी ते खाली लिहिलं. मग त्या मुलांच्या बाकावर, नवीच्या शेजारी बसल्या आणि पर्समधून आपलं नियोजन काढून दोघींच्या पुढ्यात उघडं ठेवलं. प्रत्येक महिन्यातली 'अचानक पुनर्लेखन' ही ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने खोडली. पहिल्या तासापुढे लिहिलं: 'बाई फळ्यावर लिहितील. मुलं विचारतील.'

"दहावी तू घे," त्या म्हणाल्या. तुम्हीवरून तूवर कधी आल्या ते त्यांच्याही लक्षात आलं नाही.

नवीचे डोळे बारीक झाले. "मी? का?"

"दहावीच्या मुलांना मी लपवायला शिकवून बसलेय. माझ्यासमोर ती नाही लिहायची. नववीत येणाऱ्यांचं अजून काही बिघडलेलं नाही, ती मला दे."

"बाई, यात काही डाव तर नाही ना?"

"आता कशी माझ्या शाळेतली वाटलीस," बाई म्हणाल्या. "आणि परवा सरांच्या खोलीत दार लोटून काय चाललं होतं?"

"आईला दुपारी दवाखान्यात न्यावं लागतं. लवकर सुटता येईल का, ते विचारत होते. जुन्या शाळेत सोडत नसत, म्हणून तर इथे आले."

"कुठला दवाखाना?" बाईंनी तत्काळ विचारलं. मग हात झटकला. "राहू दे. सवय आहे."

शनिवारी नियोजन द्यायच्या आधी बाईंनी शिपाईमामांकडून त्याची झेरॉक्स काढून घेतली.

"विश्वास नाही का, बाई?"

"आहे ना. म्हणून एकच काढली."

मुख्याध्यापकांनी चष्मा चढवून दोनदा विचारलं, दहावी खरंच सोडताय? बाई हो म्हणाल्या. पायऱ्या उतरताना मात्र त्यांना औषधाचं दुकान आठवलं. आता तिथे कोणी बाजूला सरकणार नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी भाचीला खिडकीपाशी गाठलं. "दहावीला तुम्हाला नव्या बाई आहेत. मी नाही."

"हो का?" भाची म्हणाली आणि पटकन बाहेर बघायला लागली.

बाई तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या, वही उजेडाकडे धरून बघावी तशा. आनंद दिसत होता. थोडासाच, ओठांच्या कोपऱ्यात दाबून ठेवलेला. मग बाईंनी नजर काढून घेतली.

"हस की," बाई म्हणाल्या. "मी काही विचारत नाहीये."