पाण्यात चालणारी भिंगरी

आमच्या जाऊबाई घरी आल्या की आधी त्यांचा वास येतो, मग त्या येतात. ओल्या घोड्याचा वास. ज्यांनी तो कधी घेतला नाही त्यांनी उगाच नाक मुरडू नये. नाक मुरडायचा मान माझा, कारण त्यांचे गमबूट माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळतात. किती वेळा सांगितलं, दाराबाहेर ठेवा म्हणून. "बाहेरून कुत्रं नेतं गं," म्हणतात. न्यावं एकदाचं!

घरात आम्ही दोघी जावा, आमचे नवरे, आणि पुढच्या खोलीत माझ्या थोरल्या दिरांचं, म्हणजे भाऊजींचं, शिवणकामाचं दुकान. भाऊजी दिवसभर कोट आणि पँटी शिवतात. जाऊबाई घोड्यांना पाण्यात चालवतात. मी नवी नवी या घरात आले तेव्हा हे ऐकून मला वाटलं, माझी थट्टा चाललीय.

थट्टा नव्हती. आमच्या रस्त्याच्या टोकाला घोडेस्वारीची शाळा आहे. तिच्या मागे तबेला, आणि तबेल्याच्या पलीकडे एक लांबट शेड. शेडमध्ये काचेच्या भिंतींची अरुंद टाकी, घोडा जेमतेम मावेल एवढी. टाकीच्या तळाला रबरी पट्टा फिरतो. घोडा आत घ्यायचा, दार लावायचं आणि खालून पाणी सोडायचं. पट्टा मागे सरकतो, घोडा पुढे चालतो आणि राहतो जिथल्या तिथे. पाणी गुडघ्याशी ठेवलं तर प्रत्येक पाऊल उचलून टाकावं लागतं, पाय आणि पाठ मजबूत होतात. पोटापर्यंत चढवलं तर पाणीच अंग तोलून धरतं, दुखऱ्या पायावर भार कमी येतो. धट्टेकट्टे घोडेही येतात इथे तालमीला, पण जाऊबाईंचा जीव लंगड्यांत. आणि हो, घोड्याला पाण्यात लाजबिज काही वाटत नाही. तो चालता चालता खुशाल लीद टाकतो, आणि ती जाळीनं काढायचं कामही आमच्याच जाऊबाईंचं. असो. जेवताना हा विषय निघाला की मी पानावरून उठते.

भिंगरी ही त्या शाळेची तांबडी घोडी. अडथळ्यावरून अशी उडायची आणि उडी संपते न संपते तोच अशी गर्रकन वळायची, की तिला सगळे भिंगरीच म्हणायला लागले. एका उडीत तिच्या मागच्या उजव्या पायातली कंडरा फाटली. कंडरा म्हणजे टाचेच्या वर मागून हात फिरवला की लागते ना, जाड दोरीसारखी, तसलीच. विश्रांती झाली, मलमं झाली, सूज उतरली. पण घोडी काही तो पाय नीट टेकेना. तबेल्यात ठाणावर उभ्या उभ्या खंगत गेली. चाऱ्याकडे बघायची नाही, नुसती दाराचं लाकूड कुरतडायची.

शाळेचा मालक वाईट माणूस नाही हो. पण तोही टेकीला आला होता. जाऊबाईंना म्हणाला, "मला हिचे हाल बघवत नाहीत. पाण्यानं काही होतंय का बघा. घोड्यांच्या डॉक्टरीणबाई हिला कडक जमिनीवर दुडक्या चालीनं पळवून बघतील. सरळ पळाली तर राहील. लंगडली, तर इंजेक्शन देऊन सोडवू बिचारीला."

सोडवू म्हणे! त्या दिवशी जाऊबाई गमबुटांसकट थेट चुलीपर्यंत आल्या, आणि मी नुसती मागून फरशी पुसत गेले.

मग सुरू झाली खटपट. टाकी बघितली की भिंगरी चारी पाय रोवून उभी राहायची. जाऊबाई तिच्या डाव्या खांद्याशी उभ्या राहून तिला गोंजारायच्या. घोड्याला धरायचं ते डाव्या बाजूनं, चालवायचं ते डाव्या बाजूनं, ही तिकडची रीतच आहे, सगळे तेच करतात. शेवटी एकदाची घोडी आत शिरली. टाकीच्या डाव्या काठावर फळी आहे, तिच्यावर जाऊबाई उभ्या, एक हात घोडीच्या मानेवर आणि तोंडाची टकळी चालू. "चल गं माझी बाय, हां, अशी, किती शहाणी!" आमच्याशी जन्मात इतक्या गोड बोलल्या नाहीत. भाऊजी म्हणायचे, "बायकोला सवत आणतात असं ऐकलं होतं. इथे नवऱ्यालाच आणली हिनं."

घोडी चालायला लागली. खायला लागली. जाऊबाई नुसत्या फाटकात दिसल्या तरी खिंकाळायला लागली. आम्ही म्हटलं, चला, जिंकलं!

कसलं काय. डॉक्टरीणबाईंनी येऊन घोडीच्या पाठीवरून, मागच्या मांसल पुठ्ठ्यांवरून हात फिरवला आणि त्यांचा चेहरा पडला. "डावा पुठ्ठा छान भरलाय. उजवा होता तसाच. पाण्यातसुद्धा ही उजव्या पायानं कामचुकारपणा करतेय. का, ते शोधा. महिनाअखेरीला मी पळवून बघणार. आणि अशीच राहिली, तर मालकांना मी खोटं सांगू शकणार नाही."

जाऊबाईंनी पाणी वाढवलं, उतरवलं, पट्टा हळू केला, जोरात केला. फरक शून्य. घरी आल्या की जेवता जेवता टेबलावर बोटांनी ताल धरायच्या. टक्-टक्, टक्-टक्, ही धड दुडकी. टक्-ट, टक्-ट, ही लंगडी, एक टाप हलकी पडते. ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. एकदा बोटं थांबली आणि त्या म्हणाल्या, "मीच मारणार बहुतेक तिला." मी उठून त्यांच्या पानात वाढत सुटले. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी डबा विसरून गेल्या. भाऊजी डबा द्यायला निघाले, मी बाजाराच्या वाटेवर होते म्हणून बरोबर गेले. भिंगरी टाकीत चालत होती. भाऊजींना घोड्याच्या तोंडाशी जायची हिंमत नाही, ते जाऊन उभे राहिले टाकीच्या थेट मागे. तिथे अंगावर पाणी उडतं, म्हणून शहाणं माणूस तिथे थांबत नाही. त्यांनी एक डोळा मिटला. पँटची शिवण सरळ आली का, ते असंच बघतात.

"अगं, तुझी घोडी तिरकी आहे."

"अहो, तुम्ही पँटी शिवा," जाऊबाई फणकारल्या.

"शिवतो म्हणूनच सांगतोय! तिची मान तुझ्याकडे वळलीय आणि ढुंगण पलीकडच्या काचेला टेकलंय. उजवा पाय पुरता टाकायला जागाच कुठंय तिला?"

जाऊबाईंचा हात मानेवरून खाली आला. त्या फळीवरून उतरल्या आणि टाकीला वळसा घालून उजव्या बाजूला गेल्या. घोडीची मान त्यांच्या मागोमाग उजवीकडे वळली. परत डावीकडे आल्या, मान परत डावीकडे.

"म्हणजे मला बघायला वळते ही?" त्या म्हणाल्या, आणि मटकन फळीवर बसल्या. "एवढे दिवस मीच हिला वाकडी चालवतेय!"

कुणाच्या लक्षात यायचं? तिथे सगळेच डाव्या बाजूला उभे राहतात. आणि घोडी आपल्याकडे प्रेमानं बघतेय, यात चूक काय ते माणसाला सुचणार तरी कसं?

उपाय सोपा होता आणि अवघडही. जाऊबाईंनी मागे पडद्याआड उभं राहून पट्टा चालवायचा, घोडीला दिसायचं नाही आणि एक अक्षर बोलायचं नाही. घोडीच्या नाकासमोर दुसरं कुणीतरी गाजरांची बादली घेऊन उभं राहायचं. दोघेही माझ्याकडे बघायला लागले.

"मुळीच नाही," मी म्हटलं. "मला घोड्याची भीती वाटते. मला गाढवाचीसुद्धा वाटते!"

तर दुसऱ्या दिवसापासून मी बादली घेऊन उभी. भिंगरीनं चहूकडे जाऊबाईंना शोधलं, खिंकाळली, ऐटीत थांबली. पडद्याआड जाऊबाई ओठ चावत गप्प. मग मलाच बोलावं लागलं. घोडीशी काय बोलायचं? मला येतं तेच बोलले. "बघतेस काय माझ्याकडे? पाय टाक! तुझ्यापायी माझ्या खिडकीत बूट वाळतात, कळलं का? टाक म्हणते ना पाय!" घोडीनं कान टवकारले, मान सरळ केली आणि मुकाट्यानं चालायला लागली. पडदा गदागदा हलत होता. हसत होत्या मागे आमच्या जाऊबाई.

मग रोज मी तिला झापायचं आणि तिनं नाकासमोर चालायचं. हळूहळू उजवा पुठ्ठा हाताला लागायला लागला.

परीक्षेच्या दिवशी तबेल्यासमोरच्या फरसबंद अंगणात मालक, डॉक्टरीणबाई, भाऊजी, सगळे जमले. जाऊबाई मात्र शेडच्या भिंतीमागे उलट्या बादलीवर बसल्या.

"निदान वाकून तरी बघा," मी म्हटलं.

"नको गं. मी दिसले तर वळेल. वळली तर तिरकी पळेल. नको." आणि त्यांनी माझा मनगटाशी हात धरला. मीही तिथेच बसले, मग काय.

घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार भिंगरीला घेऊन पळायला लागला. टापा वाजल्या. टक्-ट. टक्-ट. जाऊबाईंची नखं माझ्या मनगटात रुतली. देवा, मी म्हटलं, नको रे! आणि मग कडेची माती संपून घोडी फरशीवर आली, तसा नीट आवाज आला. टक्-टक्, टक्-टक्. लांब गेला, वळला, परत आला. टक्-टक्, टक्-टक्. मग गोल फेरी, डावीकडून, उजवीकडून. कुठे म्हणून एक टाप हलकी पडली नाही. मी जाऊबाईंना गदागदा हलवलं. "ऐकलंत? अहो, ऐकलंत का?"

"ऐकलं," त्या म्हणाल्या आणि ओक्साबोक्शी रडायला लागल्या.

तेवढ्यात अंगणातून मालक ओरडला, "अरे धर, धर तिला!" रडण्याचा आवाज घोडीनं ओळखला होता. मोतद्दाराला फरफटत भिंगरी भिंतीला वळसा घालून आली आणि तिनं कपाळ जाऊबाईंच्या छातीवर आदळलं. मागून डॉक्टरीणबाई धापा टाकत पोचल्या. "राहिली!" त्या ओरडल्या. "कोण म्हणतंय हिला इंजेक्शन द्या? माझ्यापेक्षा बरी पळते!" मालक नाक पुसत होता आणि धूळ गेली म्हणत होता. फरशीवर कसली डोंबलाची धूळ!

घोडीला ठाणावर न्यायची वेळ आली. जाऊबाईंनी दोर हातात घेतला, क्षणभर थांबल्या आणि तो माझ्या हातात दिला. "तू ने. तुझं ऐकते ती."

दोर टाकून पळावंसं वाटलं, पण सगळ्यांच्या देखत कोण माघार घेणार? "बघतेस काय? पाय टाक," मी म्हटलं. घोडी निघाली. अख्ख्या अंगणातून मी तिला घेऊन चालले, मान ताठ करून, जशी काही मीच तिला जन्माला घातलीय. मध्येच मागे वळून पाहिलं. जाऊबाई आमच्या मागून भाऊजींचा दंड धरून येत होत्या, डोळे मिटून, नुसत्या टापा ऐकत.