मंडळी म्हणजे एक माणूस नव्हे

२०१५च्या ईस्टरनंतरच्या पहिल्याच रविवारी, सिंगापूरच्या बुकित पंजांगमधल्या फ्लॅटमधल्या आपल्या मराठी उपासनेत, सर्वांत वयस्कर काकांचा बायबलवर्ग सगळ्यांदेखत काढून घेतला गेला.

गुन्हा काय? आरंभीच्या ख्रिस्ती लोकांबद्दल ते खरं बोलले. चर्चला आपण मंडळी म्हणतो. काका चष्मा सदऱ्याला पुसत मुलांना विचारायचे, “घरची मंडळी म्हणजे एकच माणूस असतो का रे?” त्या दिवशी म्हणाले, आशिया मायनरमधल्या काही मंडळ्या यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या दिवशीच ईस्टर पाळायच्या, रोमवाले मात्र रविवारी.

“अंकल, देन हू करेक्ट आह?” एका मुलीनं विचारलं.

“दोघांनाही वाटायचं, आपणच! पटलं नाही, तरी भाकर एकत्र मोडली त्यांनी.”

“मुलांच्या डोक्यात गोंधळ नको. मंडळी पहिल्यापासून एकच होती,” उपासना चालवणारे प्रमुख बंधू म्हणाले आणि वर्ग स्वतःकडे घेऊन बसले.

काका अजून येतात. दाराजवळ बसतात. गेल्या प्रभुभोजनाला, म्हणजे एकत्र भाकर मोडायच्या विधीला, भाकरीचं ताट त्यांनी स्वतः उठून प्रमुखांपुढे धरलं. “घ्या, बंधू.” प्रमुखांनी मान फिरवली आणि दुसऱ्या ताटातला तुकडा उचलला. काका ताट धरून कितीतरी वेळ तसेच उभे होते.

याला उपासना म्हणायचं? येत्या रविवारी पहिलं गीत सुरू होण्याआधी उभे राहा आणि मोठ्यानं सांगा: वर्ग काकांना परत द्या.