न वाचलेलं कलम

परभणीत मी कायदा शिकवायचो, तेव्हा आंतरराष्ट्रीय व्यापाराचा कायदा हा विषय विद्यार्थी एकाच कारणानं घ्यायचे: पेपर सोपा. वर्ग सकाळी सातला भरे, कारण निम्मे विद्यार्थी नोकरदार. मी नोट्स सांगायचो, ते उतरवून घ्यायचे. गॅट करार म्हणजे काय, याचं उत्तर वर्षानुवर्षं तेच होतं आणि तेही मी कुणाच्या तरी नोट्समधून उतरवलेलं. मूळ करार मी पाहिलेला नव्हता. आमच्या ग्रंथालयात तो नव्हता, आणि तो नाही हे मला कधी खटकलं नव्हतं.

मग एक्क्याण्णव सरताना गॅटचा नवा मसुदा वर्तमानपत्रांत आला. पिकांच्या वाणांवर मालकी, बियाण्यावर पेटंट, अशी चर्चा सुरू झाली आणि माझ्या विषयाला एकाएकी गिऱ्हाईक आलं. गावोगावहून भाषणाची बोलावणी यायला लागली.

इथं एक सांगून टाकतो. विद्यापीठाच्या नामांतरावर स्टाफरूममध्ये मी इतकी वर्षं तोंड उघडलं नव्हतं. दोन्ही बाजूंचे विद्यार्थी माझ्या वर्गात बसायचे, आणि मी चहा पीत खिडकीबाहेर बघायचो. गॅटवर बोलणं मात्र सोपं होतं. शत्रू समुद्रापलीकडचा होता. शूर व्हायला काही लागत नव्हतं.

बोरीला शाळेच्या पटांगणात बोललो. शेतात ज्वारी हुरड्यात होती. मी म्हणालो, उद्या घरच्या मडक्यातलं बी पेराल तर तो गुन्हा ठरेल, पोलीस दारात येतील. टाळ्या पडल्या. माझ्या बोलण्याला टाळ्या पडायची ती पहिलीच वेळ. त्यासाठी मी दोन लेख आणि एक पत्रक वाचलं होतं. पुढं वालूरला तेच वाक्य म्हटलं, तिथंही पडल्या.

उन्हाळ्याच्या तोंडाशी वर्ग सुटल्यावर एक विद्यार्थी थांबला. बोरीचाच, तलाठ्याची नोकरी करणारा, माझ्याहून थोडाच लहान.

"सर, तुमचं भाषण आमच्या गावात लय चाललं."

"हो का?"

"एवढं चाललं की चुलतीनं औंदा बी ठेवलंच न्हाई."

त्याची चुलती दरवर्षी खळ्यावर टाळकी या गावठी वाणाच्या ज्वारीची चांगली कणसं वेगळी काढायची, दाणे राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात भरायची आणि मडक्याचं तोंड शेणानं लिंपायची. सगळी गल्ली तिच्याकडचं बी पेरायची. मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, अशी तिच्या घरची रीत. यंदा तिनं कणसं निवडलीच नव्हती.

मला वाटलं, गंमत सांगतोय. मी हसलो. तोही हसला, सरांसमोर हसावं लागतं म्हणून, आणि ही गंमत नाही हे मला कळलं.

दुसऱ्या दिवशी बोरीची गाडी पकडायला हवी होती. ते न करता मी आणखी दोन गावांत तेच भाषण केलं. याला मी चूक म्हणत नाही. चूक नकळत होते.

काही दिवसांनी तो पुन्हा थांबला. "सर, कलम कोणतं? चुलती विचारायलीय."

"उद्या सांगतो," म्हणालो. सांगता येणार नव्हतं, कारण मला माहीत नव्हतं. तीन पदव्या घेतलेला माणूस मी, पण कायदा उघडून बघायची सवय मला कुणी लावली नव्हती आणि मीही कुणाला लावली नव्हती. त्या दिवशी ठरवलं, हे कलम वाचल्याशिवाय पुन्हा व्यासपीठावर चढायचं नाही.

सुट्टी लागताच मुंबईला एका ग्रंथालयात जाऊन मसुद्याच्या झेरॉक्स आणल्या. मे महिनाभर डिक्शनरी मांडीवर घेऊन बसलो. बायको म्हणाली, "परीक्षा पोरांची आहे का तुमची?"

"माझी."

कलम सापडलं. त्यात एवढंच होतं की वनस्पतींच्या वाणांना संरक्षण द्यायचं, पेटंटनं द्या, नाहीतर आपापल्या देशात परिणामकारक असा वेगळा कायदा करून द्या. घरचं बी पेरणं गुन्हा, असं कुठंही नव्हतं. धोका नव्हता असं नाही. उद्या दिल्लीत कायदा कसा होईल, यावर सगळं होतं, आणि तिथं लक्ष ठेवायला हवं होतं. पण हे टाळ्यांचं वाक्य नव्हतं. आणि चुलतीचं बी तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, त्याच्यावर कुणाचा नवा हक्क लागणार होता?

पावसाळ्यात बोरीला गेलो. तलाठ्यानं माणसं जमवली होती. मी उभा राहून सांगितलं, मागच्या वेळी मी न वाचता बोललो.

मागून एकजण म्हणाला, "कंपनीनं मास्तरला गाठलं वाटतं."

"चहा तरी चांगला पाजला का हो कंपनीनं?" दुसरा म्हणाला. लोक हसले. मी हसू दिलं आणि कलम मराठी करून वाचलं, दोनदा.

चुलती भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "मंग खरं कोणतं? तवाचं का आताचं?"

"आताचं, मावशी. वाचून आलोय."

"तवा का न्हाई वाचलं?"

मी हातातल्या झेरॉक्सची घडी घातली.

"घरात दाणाबी न्हाई आता त्या ज्वारीचा," ती म्हणाली. "चांगली होती, बाजारात गेली. आमी हायब्रीड खायलोत."

ज्वारीची पेरणी पोळ्यानंतर, अजून वेळ होता. मी विचारलं, तुमचं बी आणखी कुणाकडं गेलंय? ती म्हणाली, लेक येलदरीकडं दिलीय, लग्नाच्या वर्षी तिच्यासंगं मडकं धाडलं होतं. तिनं जपलं असंल तर असंल. "पण पाऊस हाय, वाट खराब हाय. माझ्यानं जाणं व्हत न्हाई."

"मी जातो."

"तुमी?" ती पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलली. "तुमाला ज्वारी वळखायला येती का?"

"नाही. तुमच्या लेकीला येते ना."

तलाठी सोबत आला. बस येलदरीच्या धरणाच्या अलीकडंच थांबली. तिथून चिखल तुडवत गेलो. लेकीनं आमची हकीकत ऐकली आणि म्हणाली, "आईनं माझ्याकडं मागावं, असं कधी झालं न्हाई." मग घरातून मडकं आणलं. आत यंदाच्या खळ्यावरचं बी, आणि तोंड आईसारखंच शेणानं लिंपलेलं.

बोरीला परतल्यावर चुलतीनं सूप घेतलं. दाणे ओतले, पाखडले, एक दाणा दातानं फोडून बघितला. गल्लीतल्या दोघी-तिघी येऊन बसल्या. मला कुणी बसा म्हणालं नाही, मी उभाच राहिलो.

तिनं निम्मे दाणे पेरायला बाजूला काढले आणि उरलेले परत मडक्यात भरताना हात थांबवला.

"हे घरात ठिवलं तर चालंल ना?"

"चालेल."

"वाचलंय?"

"वाचलंय, मावशी."

तिनं शेणाचा गोळा घेतला आणि तोंड लिंपायला लागली.