सांगाड्याला पाजलेलं औषध

बोरिवलीचं घर रिडेव्हलपमेंटला गेलं. सामान बांधताना एक वही सापडली. पानोपानी चित्रासारखी काढलेली जपानी अक्षरं आणि शेजारी ताईच्या हस्ताक्षरात अर्थ: ‘तलवार’, ‘पळा’, ‘औषध’.

शाळेत असताना एका मे महिन्याच्या सुट्टीत एका छोट्या जपानी कंपनीचा रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम आम्ही अक्षरओळख नसताना खेळत होतो. शेवटचा सांगाडा-राजा काही केल्या मरत नव्हता, आणि भाड्याने आणलेली गेमची कॅसेट संध्याकाळी परत द्यायची होती. घरभर फणसाचा वास होता. आई हाताला तेल लावून गरे काढत आमचा खेळ बघत होती. शेवटी औषधाची एकच बाटली उरली.

“त्या हाडक्याला द्या की. किती दिवसांचा उपाशी दिसतोय!”

“आई, तो शत्रू आहे गं!” ताई ओरडली. मी वैतागून खरंच त्याला औषध दिलं.

सांगाडा थरथरला आणि कोसळला! आमच्या आरडाओरड्याने अख्खा मजला दारात जमला. आईने प्रत्येकाच्या हातावर गरे ठेवले.

आज भाचीने शोधून सांगितलं, “मेलेल्यांना औषध बाधतं, असा नियमच होता त्या गेममध्ये.”

मी लगेच ताईला फोन लावला.

“नियम गेला उडत,” ती म्हणाली. “आईने दारातल्या कुणाला कधी उपाशी पाठवलंय का? म्हणून जिंकलो आपण.”